आणखी एक टोला

पुष्कळ वर्षांपूर्वी, राजे किती आले नि किती गेले याची मोजदाद कुणी ठेवत नव्हतं तेव्हा, एका घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. तिथं हैबती नावाचा दुकानदार तंबाखू आणि चिरूट विकायचा. माणूस कष्टाळू आणि मापाला चोख. खोड एकच होती. वस्तू स्वस्तात पडली नाही, तर ती मिळाल्याचा आनंदच त्याला होत नसे.

त्या पेठेत महिन्यातून एकदा चिरुटांचा लिलाव व्हायचा. त्याची रीत मात्र उलटी होती. इतर लिलावांत भाव चढत जातो, इथं तो उतरत जायचा. पेठेचा कारभारी पेटी ओट्यावर ठेवी आणि कुणालाच परवडू नये असा भाव पुकारी. मग थाळीवर टोला पडे. दर टोल्याला भाव एक रुपयानं उतरे. ज्याचा हात पहिला वर जाई, त्याची पेटी. दुसऱ्याचा हात पापणी लवायच्या आत वर आला, तरी उपयोग नसे.

या खेळात हैबती मुरलेला होता. एकाच जातीच्या वीस पेट्या असल्या, की उतावळी माणसं पहिल्या पाच-सहा उचलतात आणि शेवटच्या पेट्या पाण्याच्या मोलानं जातात, हे त्यानं हेरलं होतं. म्हणून तो मागं भिंतीला टेकून उभा राही. भावाकडं कमी आणि माणसांच्या चेहऱ्यांकडं जास्त बघे. एकदा अगदी तळाच्या भावात त्यानं चार पेट्या घेतल्या, त्यांतल्या दोन बुरशीच्या निघाल्या. बुरशी तो विसरला. भाव तेवढा वर्षभर सांगत राहिला.

नदीपलीकडच्या गावातली साळूबाई मात्र नेमकी उलट वागायची. नवऱ्यामागं त्याचं छोटं दुकान ती चालवत होती. लिलावात कधी मध्येच हात वर करी, पेटी घेई आणि मागं न बघता होडीकडं चालू लागे. कधी हात न हलवता तशीच परतही जाई. बाईला धीर नाही, असं हैबती चारचौघांत म्हणायचा.

एका वर्षी बातमी आली, की इमामभाईंचे हात आता कापतात. इमामभाई म्हणजे त्या मुलखातले चिरूट वळणारे सगळ्यांत नामांकित कारागीर. त्यांनी काम थांबवलं होतं. त्यांच्या हातची एकच पेटी शिल्लक होती आणि ती येत्या लिलावात निघणार होती.

त्याच आठवड्यात गोमा नायक आपला लमाणांचा तांडा घेऊन पेठेत उतरला. मिठाच्या गोण्या लादलेले त्याचे बैल वीस वर्षं हैबतीच्याच आवारात विसावत आले होते. तांड्याची सगळी खरेदीही हैबतीकडंच. या खेपेला नायक गंभीर होता. पलीकडच्या तांड्याच्या म्हाताऱ्या नायकाशी एका विहिरीवरून त्याचं दहा वर्षं वैर चाललं होतं. दोन्हीकडची माणसं जखमी झाली होती. आता म्हातारा बोलणी करायला तयार होता. पूर्वी दोघं इमामभाईंचा चिरूट एकत्र ओढत बसायचे, म्हणून नायकाला तोच समोर ठेवून बोलायला बसायचं होतं.

त्यानं हैबतीच्या हातावर चाळीस रुपये ठेवले. पेटी आणायला सांगितली आणि काही उरलं तर ते हैबतीनं ठेवून घ्यावं, असंही सांगितलं.

लिलावाच्या दिवशी कारभाऱ्यानं साठाला सुरुवात केली. टोले पडू लागले. पन्नास झाले, पंचेचाळीस झाले. चाळीस आले तेव्हा हैबतीचा हात किंचित हलला. पण त्यानं सवयीनं सगळ्यांचे चेहरे पाहिले. कुणाच्याच डोळ्यांत घाई दिसेना. पस्तीसला पाच रुपये सुटतात, असं मनात आलं. पस्तीस आले, तेव्हा तीसला दहा सुटतात असं वाटलं. पेटी एकच आहे, मागं दुसरी नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी कानाला पुढच्या टोल्याची गोडी लागली होती.

एकतीसचा टोला पडला. हैबतीनं हात उचलायला श्वास घेतला आणि पलीकडं साळूबाईनं, पदर सावरावा इतक्या सहज, हात वर केला. थाळी थांबली.

हैबती तिच्यामागं धावत होडीपर्यंत गेला. दुप्पट पैसे देतो म्हणाला. कुणासाठी हवी, असं तिनं विचारलं. खोटं बोलायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण विहिरीचं वैर आठवून त्यानं सगळं खरं सांगितलं.

साळूबाई म्हणाली, "नायकाला माझ्याकडं पाठवा. हवे तेवढे चिरूट देईन, मला पडले त्याच भावात. तुमच्या हातात मात्र पेटी देणार नाही."

हैबतीला ते बोचलं. तरी त्यानं विचारलं, "तुला पुढच्या टोल्याचा मोह कसा होत नाही, बाई?"

"घरून निघताना मी माझा आकडा ठरवून निघते, दादा. तो आला की हात वर. त्याआधी कुणी नेली, तर ती माझी नव्हतीच. माझा हात वर गेला की टोले थांबतात. पुढं भाव किती उतरला असता, ते कुणालाच कळत नाही. मग हळहळायचं कशाला?"

होडी सुटली. हैबती पेठेत परतला. पेटी लिलावाला आलीच नाही, असं सांगून सुटता आलं असतं. पण तो सरळ तांड्यावर गेला, चाळीस रुपये नायकापुढं ठेवले आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

नायकानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. आवाज न चढवता तो म्हणाला, "मी तुला पेटी आणायला पाठवलं होतं, हैबती. तू उरलेले पैसे आणायला गेलास."

नायक त्याच दुपारी नदीपलीकडं गेला. साळूबाईनं शब्द पाळला. आठवड्याभरात दोन्ही नायक एका झाडाखाली बसले आणि विहिरीवर दोन्ही तांड्यांच्या पखाली भरू लागल्या.

पुढच्या खेपेपासून गोमा नायकाचे बैल साळूबाईच्या गावात विसावू लागले. हैबतीला तो कधी वाईट शब्द बोलला नाही. वाटेत भेटला तर रामराम घालायचा, तब्येत विचारायचा आणि पुढं जायचा. हैबतीच्या आवारात जिथं चाळीस बैल बसायचे, तिथं गुडघाभर गवत वाढलं. लिलावाला तो नंतरही जात राहिला. स्वस्त माल त्याला पूर्वीसारखाच मिळत राहिला, पण तो घ्यायला येणारं गिऱ्हाईक पूर्वीसारखं उरलं नव्हतं.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: भाव उतरेपर्यंत थांबणं शहाणपणाचं, पण कुठं थांबायचं हे ज्यानं आधी ठरवलं नाही, त्याच्या हातून वस्तूही जाते आणि विश्वासही.