दोन मापं आणि एक पेव

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. माझ्या आजोबांनाही ते ठाऊक नव्हतं.

एका गावात सगळे लोक धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा. आतून भुसा आणि काड लावायचं, धान्य भरायचं आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. आत वारा शिरला नाही, तर धान्य वर्षानुवर्षं टिकतं. पण एकदा तोंड उघडलं की संपलं! वारा लागलेलं धान्य पेवात कुजतं. म्हणून गावाचा नियम होता, पेव उघडलं की त्याच दिवशी रिकामं करायचं. आपल्या घरात मावेल तेवढं ठेवायचं, बाकीचं घरोघर द्यायचं. पुढं त्यांचं पेव उघडलं की ते तुम्हाला देणार.

याच गावात गुणाशेट नावाचा धान्याचा व्यापारी राहायला आला. त्याच्याकडे दोन लाकडी मापं होती. शेतकऱ्याकडून घ्यायचं ते मोठं, गिऱ्हाइकाला द्यायचं ते लहान. दिसायला दोन्ही सारखी. आपली ही हुशारी कोणाच्या लक्षात येत नाही, असं शेटजींना वाटे. वाटू दे बिचाऱ्याला!

एका वर्षी पाऊसच पडला नाही. लोक पाळीपाळीनं पेवं उघडू लागले. एकाचं संपलं की दुसऱ्याचं. सगळ्यांत मोठं पेव गुणाशेटचं, पण ते काही उघडेना.

"शेटजी, तुमचं पेव कधी उघडणार?" साळूबाईनं विचारलं. ती विधवा होती, दोन लेकरं पदराला धरून उभी होती.

"भाव चढू दे की. एवढी काय घाई आहे?"

साळूबाई गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, पेव उघडून वाटायचं, हा नियम सगळ्यांना सारखाच ना?"

"कसला नियम! फुकट खायला मिळावं म्हणून या लोकांनी काढलेली युक्ती आहे ती. वाऱ्यानं कधी जोंधळा कुजतो होय?"

झालं! पण त्या दिवसापासून शेटजींच्या जिवाला चैन पडेना. जेवता जेवता घास हातातच राहायचा. उंदीर तर लागले नसतील? मुंग्या? कोणी बाजूनं भोक पाडलं असेल तर? उष्ट्या हातानंच तो पेवाकडे धावायचा. तोंडाची माती उकरायची, आत हात घालून मूठभर दाणे काढायचे, वास घ्यायचा. छान आहेत! पुन्हा लिंपायचं. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा स्वारी पेवाकडे.

"अहो, सारखं काय ते उघडता? राहू द्या ना!"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

अरे बाबा, तू हात घालतोस तेव्हा वारा काय बाहेर थांबून राहतो?

शेवटी भाव चढला. दुकानातलं होतं नव्हतं ते गुणाशेटनं विकून टाकलं. मग परगावचे गाडीवाले आले. सगळ्यांसमोर ऐटीत त्यानं पेव उघडलं, आणि आतून असा भपकारा आला, की गाडीवाले नाक दाबून मागं सरले. जोंधळा काळा पडला होता, बुरशी चढून त्याचे गोळे झाले होते. वेड्यासारखा तो तळापर्यंत उकरत गेला. तळापर्यंत तेच. बैलसुद्धा तोंड लावेनात. गाड्या आल्या तशा रिकाम्या परतल्या आणि गुणाशेट तिथंच मटकन खाली बसला.

घरात आता दाणा नव्हता. बायको म्हणाली, "चूल थंड आहे. आज साळूबाईचं पेव उघडलंय. जा."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"उपाशी तोंडानं जा."

धान्य आणायला जो तो आपलं माप घेऊन जाई. गुणाशेट दोन्ही मापं समोर ठेवून उभा राहिला. मोठं न्यावं, तर त्यात जास्त दाणे बसलेले दिसून चोरी उघडी पडणार. लहान न्यावं, तर धान्य कमी मिळणार. एक उचलायचा, ठेवायचा, दुसरं उचलायचा. शेवटी लहान घेऊन निघाला.

साळूबाईनं शीग लावून, काठावर ढीग येईल असं माप भरलं आणि त्याच्या उपरण्यात ओतलं. मग पुन्हा अर्धं भरलं.

"बाई, माझं झालं," तो खाली मान घालून म्हणाला.

"कुठं झालं, शेटजी? हे तुमचं लहान माप ना? यात कमीच बसतं. इतकी वर्षं आम्ही यातूनच नेतोय, आम्हाला ठाऊक नाही होय?" आणि तिनं ते अर्धं मापही त्याच्या उपरण्यात ओतलं.

ती टोचून बोलली असती, तर गुणाशेटला बरं वाटलं असतं. पण ती साधेपणानं बोलली, आणि त्याचे डोळे भरून आले.

घरी येताच त्यानं ते लहान माप फोडून चुलीत घातलं. त्या दिवशीची भाकरी त्याच्याच जाळावर भाजली. मोठ्या मापानं तो पुढं घेऊ लागला, आणि देऊही लागला. पुढच्या सुगीला सगळ्यांची पेवं पुन्हा भरली, आणि त्यांतलं पहिलं पेव उघडलं ते गुणाशेटचं. संध्याकाळपर्यंत ते रिकामं झालं, आणि कितीतरी महिन्यांनी शेटजी सगळी भाकरी बसून जेवले.

तेव्हा लहानथोर मंडळींनो, ध्यानात ठेवा: माप खरं ठेवावं आणि हात सैल ठेवावा, कारण जे वाटलं ते परत येतं आणि जे दडवलं ते कुजून जातं.