काळा भुगा

“खाली सांडलेला हा काळा भुगा कोणाचा?” धाकट्या रबराने पंपघरात आल्याआल्या विचारलं.

ही मोटरी आणि पंप बोलायचे तेव्हाची गोष्ट. मोटर आणि पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन लोखंडी जबड्यांमध्ये आधी धाकट्याचा थोरला भाऊ बसायचा. आता त्या जागी धाकटा आला होता.

“हा तर माझ्या दादाचा! त्याला कोणी खाल्लं?” तो ओरडला.

“हा पंपच वाकडा आहे,” मोटरबाई म्हणाल्या.

“मी सिमेंटात रुतलोय, बाई! लंगडता तुम्ही!” पंपराव फुरफुरले.

शेजारचं बिनरबराचं ताठ कपलिंग हसलं. “मला केसभर तिरकं सोसत नाही, लगेच बोल्ट तुटतात. म्हणून सुपडू मिस्त्री रोज पट्टी लावून माझी रेष सरळ आहे का बघतो. तुझा दादा मुकाट झिजायचा. त्याच्याकडे कोण बघणार?”

धाकट्याचं डोकं फिरलं. मोटरबाई फिरू लागताच त्याने तिथल्या तिथे स्वतःला फाडून घेतलं. जबड्यावर जबडा आपटून असा खडखडाट झाला, की मिस्त्री हातातला चहा सांडत धावला. त्याने मोटर बंद केली, पट्टी लावली, कपाळावर हात मारला आणि मोटरबाईंच्या अधांतरी पायाखाली पत्र्याची चकती सरकवली.

मग सगळ्यात लहान भाऊ बसायला आला. त्यानेही घाबरत विचारलं, “हा भुगा कोणाचा?”

“आपल्या दादाचा,” मिस्त्रीच्या मुठीतून फाटका धाकटा म्हणाला. “तू बिनघोर बस. बाईंचा पाय मी टेकवून घेतलाय.”