मोडलेल्या झुंजीचा बोल

पूर्वी शिरीषनगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका भेरीवादकाच्या कुळात जन्मला होता. पुराची वर्दी वेळेवर मिळावी म्हणून राजाने डोंगरापासून नगरापर्यंत नदीकाठच्या टेकड्यांवर भेरी बसवल्या होत्या. शेवटची, नगरावरची भेरी बोधिसत्त्वाकडे होती.

पुढे कित्येक वर्षे पूर आला नाही. वादकांचे धान्य राजवाड्यातून येईनासे झाले. तेव्हा द्यूतशाळेचा मालक बिडालक पुढे आला. डोंगरातल्या गावी नदीकाठच्या मैदानात एडक्यांच्या झुंजी होत; त्यांचा निकाल त्याला झटपट नगरात हवा होता. त्याने वादकांना धान्य दिले, तूपही दिले, आणि नवे बोल बसवून घेतले: काळा जिंकला, पांढरा जिंकला, झुंज मोडली. नगराखालच्या कोरड्या पात्रात पैजा लागू लागल्या. मागोमाग मद्यवाल्यांच्या राहुट्या आल्या. करही येऊ लागला, तेव्हा राजाने काही विचारले नाही. पुराचा बोल अधूनमधून वाजवावा, लोकांच्या कानात राहील, असे बोधिसत्त्वाने बिडालकाला विनवले होते; पण गिऱ्हाईक दचकते म्हणून त्याने ते उडवून लावले.

एका झुंजीच्या दिवशी पात्र माणसांनी भरले होते. वरच्या टेकडीवरून बोल आला, तो पुराचा होता.

बोधिसत्त्वाने तो सारे बळ लावून वाजवला. खाली माणसे थबकली, एकमेकांकडे पाहून हसली आणि पुन्हा प्याले भरू लागली. तो बोल कोणालाच ओळखता येत नव्हता. धावत जाऊन सांगावे, तर पाणी आधी पोहोचले असते. इतक्यात राखणीला बसलेल्या वल्लकाने, बिडालकाच्या माणसाने, त्याच्या हातातले टिपरू धरले. निकालाखेरीज काही वाजवायचे नाही, असा त्याला हुकूम होता.

बोधिसत्त्व म्हणाला, "वल्लका, 'झुंज मोडली' एवढे त्यांना कळते. पैजेचे पैसे परत घ्यायला ते वर द्यूतशाळेकडे धावतील."

"खोटा बोल वाजला तर मालक मला जिवंत सोडणार नाही."

"खोटा कसा? झुंजीच्या मैदानात आता पाणी आहे. झुंज उरली कुठे?"

वल्लकाची बायको खाली भाजलेले हरभरे विकत होती. त्याने टिपरू सोडले.

बोल घुमला. शिव्या देत, एकमेकांना रेटत सारी गर्दी दरड चढू लागली. दुसऱ्याने आधी पैसे नेऊ नयेत एवढाच प्रत्येकाला घोर. उधारी बुडेल म्हणून मद्यवालेही मागे धावले. शेवटची माणसे काठाला लागतात तोच वळणावरून गढूळ लोंढा आला आणि राहुट्या गवतासारख्या वाहून गेल्या.

आपला बोल आपल्या आज्ञेवाचून वाजवला, अशी तक्रार बिडालकाने राजाकडे केली. राजाने सगळे ऐकून घेतले. मग त्याने बोधिसत्त्वाला काय हवे ते मागायला सांगितले.

"महाराज, वादकांचे धान्य आपल्या कोठारातून येऊ द्या. आणि पुराचा बोल रोज सकाळी वाजू द्या. लहान मुलांनाही तो ओळखता यावा."

ही कथा सांगून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे या विहाराला धान्य देणारा श्रेष्ठी कुंभक. बिडालक म्हणजे काल सभेतून रागाने उठून गेलेला गृहस्थ. वल्लक म्हणजे माझ्यामागे पंखा घेऊन उभा असलेला विलोम." पंखा क्षणभर थांबला. "आणि भेरीवादक मीच होतो. जे ऐकत नाहीत त्यांना त्यांच्या बोलीत, पण सत्य न सोडता, सावध करणे ही प्रज्ञा."