दांडेखारची फळी

दांडेखारच्या बांधाला एकच उघाडी आहे. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ न देणारी दगडी चौकट आणि तिच्यात बसवलेली सागवानी फळी. ही फळी एक धडधाकट बाई एकटी उचलू शकते. तरीही भातकापणीआधीच्या पुनवेला, भर दुपारी, सगळा गाव ठेवणीतले कपडे घालून बांधावर येतो आणि तिला हात लावतो. ज्याचा हात पोचत नाही तो पुढच्याच्या खांद्यावर ठेवतो. पाहुण्यांना हसू येतं. देवळाची, म्हणजे गावातल्या चर्चची, घंटा वाजवणारे पेद्रूआबा त्यांना पोटभर हसू देतात, मग बांधावर बसवून घेतात आणि ही हकिगत सांगतात.

फार जुन्या काळी या खाडीत गलबतं शिरत, माणसं धरून नेत आणि परमुलखात विकत, असं सांगतात. एका खेपेला दांडेखारची चाळीस माणसं गेली. त्यातलं एकही परतलं नाही. पुढे बस्त्याव नावाचा गडी कुठल्याशा सरदाराच्या फौजेत दहा वर्षं काढून, मांडीत गोळी घेऊन गावी आला. त्यानं अकरा शेतकरी हाताशी धरले, त्यांना भाला धरायला शिकवला. एक लंगडा शिपाई आणि अकरा चिखल तुडवणारे, एवढीच काय ती फौज. पण या बाराजणांनी देवळात वेदीपुढे शपथ घेतली, की इथून पुढे या गावचं माणूस विकलं जाणार नाही.

बस्त्यावची बायको कातरीन ही उघाडी राखणाऱ्याची लेक. बाप गेल्यावर फळी तिच्याच ताब्यात आली होती.

अशाच एका पुनवेला सकाळी गलबतं लागली. शंभरावर माणसं उतरली म्हणे. गाव टेकाडावर, आणि मध्ये खोलगट खाचरांत भात पिकून उभं. बस्त्याव कातरीनला उघाडीपाशी घेऊन आला.

"पाणी उघाडीच्या खांबावरच्या वरच्या खुणेला लागलं का फळी उचल. मी कुठं हाय ते बघू नको."

"आन तुम्ही?"

"आम्ही मागं फिरलो तर ते आमच्या मागोमाग टेकाडावर येतील. त्यांना शेतातच धरून ठेवायला पायजे."

दहा वर्षं वाट पाहून मिळालेला नवरा होता तो, आणि घरात येऊन त्याला दोन पावसाळेसुद्धा झाले नव्हते.

दुपारी उधाण चढलं. शेतात भाले आणि तलवारी भिडल्याचा आवाज येत होता. पाणी खुणेला लागलं, पण कातरीनचे हात उठेनात. तिनं प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सुरू केली. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, इथवर ती आली आणि पुढे तिची जीभ हलली नाही. तिनं फळी उचलली. खाडी आत घुसली, तिनं पिकासकट सगळी खाचरं गिळली. लुटारू चिखलात रुतले ते रुतलेच. बाराजणही परतले नाहीत.

गाव वाचला, मोकळा राहिला. कातरीननं मात्र देवळात पाऊल टाकणं सोडलं. पाद्री समजवायला आले, तेव्हा ती म्हणाली, "देवाच्या इच्छेचं तोंडानं म्हटलं आन हातानं केलं. प्रार्थनेत पुढं रोजची भाकर मागायची असते. नवरा आन भात याच हातांनी बुडवलं. कुठल्या तोंडानं मागू?"

उत्तर दिलं ते बस्त्यावच्या आईनं. म्हातारी काठी टेकत बांधावर आली, फळीपाशी बसलेल्या सुनेशेजारी बसली आणि तिनं आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"त्याला मी जन्म दिला. तू एकटीनं त्याला दिलास असं कोण म्हणतं? त्याच्या जिवावर सगळा गाव उरलाय. मग फळी सगळ्यांनीच उचलली."

हे टेकाडावरच्या लोकांच्या कानावर गेलं. एकेक जण खाली आला, फळीला हात लावत गेला. त्या दिवशी फळी दुसऱ्यांदा, सगळ्यांच्या हातांनी, उचलली गेली, आणि त्यानंतर सासूचा हात धरून कातरीन देवळात गेली.

बाकीची खाचरं कधीच गोडी झाली आहेत, भात उत्तम येतं. फक्त उघाडीलगतचं एक खाचर गाव मुद्दाम खारं ठेवतो. कुणी बाहेरचा म्हणतो, एवढी जमीन वाया कशाला घालवता? पेद्रूआबा त्याच्याकडे जरा रोखून बघतात. "ती वाया नाय," ते म्हणतात. "ती दिलेली हाय."

आजही पुनवेच्या दुपारी सगळे मिळून प्रार्थना सुरू करतात आणि देवाच्या इच्छेपाशी येऊन गप्प होतात. फळी वर जाते, खारं पाणी त्या एका खाचरात शिरतं. मग गाव चालत देवळात येतो. उरलेली प्रार्थना तिथं होते, आणि भाकर मागणारी ओळ पहिल्यांदा फक्त विधवा बायका म्हणतात. त्यांनी मागितल्यावरच बाकीचे मागतात.