निळीच्या रांजणाची ऊब

त्या साली उमानंद महाराजांचा मुक्काम निंबदरीस होता. गावाबाहेरच्या धर्मशाळेच्या ओट्यावर त्यांचे आसन असे. मिळेल ते खावे आणि नाही मिळाले तर त्याचे नावही काढू नये, असा त्यांचा शिरस्ता. पावसाने दोन वर्षे तोंड फिरवले होते. कापड घ्यायला गिऱ्हाईक उरले नव्हते, त्यामुळे साळी, रंगारी सगळे हातावर हात ठेवून बसले होते. अखेर संस्थानाच्या सरकारला दया आली. धंद्यांवरची पट्टी माफ झाली आणि अडलेल्या घरांना सरकारी कोठारातून धान्य द्यायचे ठरले.

यादी करायला त्रिंबकराव कारकून आले. माणूस लबाड नव्हता, पण अधिकाराचा वारा लागलेला. ज्या घरातून धूर निघतो तिथे अन्न शिजते, असा नियम त्यांनी स्वतःच करून टाकला होता. महाराजांचा भक्त गणोबा रंगारी याच्या घरातून धूर निघत होता. झाले, त्याचे नाव यादीतून गळले.

"रावसाहेब, चूल चार दिस बंद हाय," गणोबा हात जोडून म्हणाला. "ह्यो धूर निळीच्या रांजणाचा."

निळीचे पाणी विरजणासारखे जिवंत असते. त्याला रात्रंदिवस मंद ऊब लागते. एकदा गार पडले की मेले, आणि नवे लावायला गणोबाकडे चिमूटभर नीळ नव्हती. गणोबाने हे सारे सांगून पाहिले, पण कारकुनाला ते कुठून पटणार?

"रांजणाला थंडी वाजते होय?" त्रिंबकराव हसले. "मग तुझ्या महाराजांना सांग, कुशीत घेऊन बसतील. तीन दिवस धूर दिसला नाही, तर नाव लिहीन."

गणोबा धर्मशाळेत आला आणि ढसाढसा रडला. "महाराज, आग ठिवली तर म्हातारी न् दोन पोरी उपाशी मरत्यात. इझवली तर धंदा कायमचा बुडतो. काय करू?"

महाराज म्हणाले, "आग विझव. सरकार देते आहे ते ताठ मानेने घे. रांजणाचे आम्ही पाहतो."

आणि काय सांगावे! पौषाच्या कडाक्यात महाराज गणोबाच्या पडवीत आले आणि रांजणाला पाठ टेकून बसले, ते तीन दिवस उठले नाहीत. गणोबाने पांघरूण आणले, तेही त्यांनी रांजणावरच घातले.

चौथ्या दिवशी सकाळी त्रिंबकराव आले. धूर नव्हता, पण रांजणाच्या तोंडाशी वाफ दिसली. "चोरून जाळतोस काय रे?" म्हणत त्यांनी राख उकरली. राख थंडगार. मग बाही सारून त्यांनी रांजणात हात घातला. पाणी चांगले कोमट होते. हात बाहेर आला तो हिरवट, आणि वारा लागताच बघता बघता निळा झाला.

"जित्ता हाय!" गणोबा ओरडला. तीन दिवस टांगणीला लागलेला त्याचा जीव भांड्यात पडला.

त्रिंबकराव महाराजांना जाब विचारायला वाकले. महाराज डोळे मिटून हसत होते. कारकुनाचा हात त्यांच्या पायाला लागला आणि तो दचकला. पाय बर्फासारखे गार पडले होते. सारी ऊब कुठे गेली होती, ते त्याला कळले.

"महाराज, मी धूर पाहिला, घर पाहिलेच नाही," तो कसाबसा म्हणाला.

"मग आता आत जाऊन पाहत जा," महाराज म्हणाले. "सरकारने तुला त्यासाठीच धाडले आहे."

त्रिंबकरावांनी गणोबाचे नाव लिहिले आणि रांजणाखाली स्वतः फुंकर घालून आग पेटवली. मग खाली बसून त्या निळ्या हाताने त्यांनी महाराजांचे पाय धरले, आणि पायांत ऊब येईपर्यंत सोडले नाहीत.