तिसरी पेटी

"तिसरी पेटी करून देणार की नाही, तेवढंच सांगा."

विनय फडणीस हे उंबऱ्यातूनच म्हणाला. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

दस्तगीरचाचा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर कानस फिरवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "आधी बसा तर खरं."

विनय सांगलीचा. पुण्यात मोठमोठ्या हॉलमधून आवाजाची यंत्रणा बसवून द्यायचा. त्यातलं आपल्याला सगळं कळतं, हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तोच सांगून मोकळा व्हायचा.

चाचा मिरजेचे, पिढीजात तंबोरे करणारे. चाळीस वर्षांपूर्वी विनयच्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, त्यांनी दोन स्पीकरच्या पेट्या करून दिल्या होत्या. सागवानाची एकच फळी घेतली आणि मधोमध चिरली. गवयासाठी जोडीचे तंबोरे करतात ना, तशाच.

"आता तिसरी कशाला?"

"मधे ठेवायला. माणसाचं बोलणं मधून यावं लागतं, चाचा. हल्ली सगळीकडे तसंच असतं."

"मग बाजारात मिळत असतील की."

"तीन स्पीकर आणले. एकही जुळेना. पहिल्यातून तात्या पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटले. दुसऱ्यातून पडसं झाल्यासारखे. तिसरा..."

"तिसरा?"

"तिसरा उत्तम होता. पण त्यातून बोलत होते ते तात्या नव्हतेच."

कानस थांबली.

तात्यांना जाऊन चौदा महिने झाले होते. आईची नजर त्याच्याही आधी गेलेली. रोज दिवेलागणीला तात्या तिला पेपर वाचून दाखवायचे आणि मग ती जेवायला बसायची. आपलं काही खरं नाही हे कळलं, तेव्हा त्यांनी वाचन कॅसेटमध्ये भरून ठेवलं. ते गेल्यावरही दिवेलागणीला कॅसेट लागायची आणि आई जेवायची. सगळं बरं चाललं होतं. पण हुशार मुलाला बरं चाललेलं बघवतं होय?

"तिसरा लावला त्या दिवशी आई म्हणाली, 'हा कोण मधे येऊन बसलाय? ह्याला आधी बाहेर काढ.'"

"मग?"

"काढला. होतं तसं सगळं परत जोडलं. तर आता म्हणते..." विनयचा आवाज उतरला. "म्हणते, 'हे घरात आहेत, पण कुठं आहेत ते कळत नाही. कधी कपाटामागं असतात, कधी माझ्या डोक्यात.' बारा दिवस झाले, चाचा. दुधावर आहे. काल दूधही परत केलं. मला भीती वाटायला लागलीय हो."

चाचांनी भिंतीला टेकलेला एक तयार तंबोरा ओढला आणि छेडला.

पंचम... षड्ज... षड्ज... खर्ज.

छेडत राहिले.

"गंधार ऐकू येतो?"

मिरज-सांगलीचा कान तो. विनय म्हणाला, "येतो की."

"कुठली तार?"

"त्याची तार नसते. बाकीच्या नीट लागल्या की तो आपोआप बोलतो."

"त्याला पाचवी तार लावू?"

"...काहीतरीच काय! तंबोरा बिघडेल."

चाचांनी तंबोरा ठेवला. उठले. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, मागचा सेल काढून खिशात टाकला. घड्याळ पावणेसहाला थांबलं.

"चला," ते म्हणाले.

"कुठं?"

"वहिनींकडं."

सांगलीच्या घरात शिरताच समोर मोठी खोली. भिंतीशी दोन पेट्या, दोहोंमध्ये सात-आठ फूट मोकळी फरशी. एका पेटीशेजारी बाहेरचं दार, दुसरीशेजारी स्वयंपाकघराचं. पेट्यांसमोर खोलीच्या मध्यावर आईची खाट. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कोण?"

"मी, वहिनी. दस्तगीर."

"आलास? ह्यांना शोध रे बाबा तेवढं..."

चाचांनी दाराजवळची पेटी वाकून पाहिली. मग पलीकडच्या पेटीकडे निघाले, ते पेट्यांच्या पुढून नव्हे. खाटेच्या मागून, सगळ्या खोलीला वळसा घालून.

विनयला हसू आलं. "सरळ या की चाचा. मधे काही नाहीये."

"असू दे."

त्यांनी दोन्ही पेट्यांवरचं जाळीचं कापड काढायला लावलं. खिशातून घड्याळाचा सेल काढला. पहिल्या पेटीच्या मागच्या दोन वायरी त्याला टेकवल्या, लाल वरच्या टोकाला आणि काळी खालच्या.

टप्... स्पीकरचा काळा कागदी पडदा पुढं आला.

पलीकडच्या पेटीकडे ते परत वळसा घालूनच गेले. तिथंही लाल वर, काळी खाली.

टप्... पडदा आत गेला.

विनयचं तोंड उघडं पडलं.

"एकजण श्वास सोडतोय, एकजण घेतोय," चाचा म्हणाले. "एका तोंडानं बोलणार कसे?"

एका पेटीच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. आवाजाच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की लाल ती लाल आणि काळी ती काळी. पुण्यात दुसऱ्या कुणी केलं असतं तर ह्याच विनयनं त्याची सालटी काढली असती.

"मीच जोडल्या होत्या," तो म्हणाला. "मोबाईलवर आवाजाचे आलेख काढून बघितले, कॅसेट तपासल्या, पेट्यांना नावं ठेवली. वायरी बघितल्या नाहीत. मी चुकीन असं वाटलंच नाही मला..."

चाचांनी नुसता स्क्रूड्रायव्हर पुढं केला.

विनयनं त्या पेटीच्या वायरी बदलल्या. बाहेर अंधारून आलं होतं. त्यानं देवाजवळ दिवा लावला, कॅसेट सुरू केली.

आधी नुसती खरखर.

मग तात्या बोलले.

"...हळदीची आवक वाढली. राजापुरी हळदीला मागणी चांगली. खाली दुसरी बातमी..."

डाव्या पेटीतून नाही. उजव्या पेटीतून नाही. मधल्या मोकळ्या जागेतून, खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड जितक्या उंचीवर असतं तेवढ्यावरून.



खाटेवर आई उठून बसली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. न दिसणारे डोळे बरोबर त्या जागेवर लावले.

"आलात?"

कॅसेटमध्ये पान उलटल्याचा आवाज झाला.

"कुठं होता इतके दिवस? सारखं इकडनं तिकडनं बोलत होता..."

कपबशी वाजली. तात्यांनी चहाचा घोट घेतला.

"जेवू का मी?"

शांतता. टेपची खरखर...

"हं," तात्या म्हणाले.

आणि पुढची बातमी वाचू लागले.

आईनं हात पुढं केला. "विनय, वाढ रे. भूक लागलीय."

विनय धावतच आत गेला. ताट आणून तिच्या मांडीशी ठेवलं. ती भाताचा घास कालवायला लागली, तसं त्याला भरून आलं. डोळे पुसत तो परत आत गेला आणि चाचांसाठी चहा टाकला.

चाचा बाहेरच्या दाराशी स्टुलावर बसले होते. विनयनं कप त्यांच्या हातात दिला आणि तिथंच खाली, फरशीवर बसला.

तात्या वाचत होते. आई जेवत होती.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "ही कॅसेट मी शंभर वेळा ऐकलीय. ते 'हं' त्यात कधी..."

चाचांनी चहा फुंकला.

"असेल म्हणा. पूर्वी लक्ष गेलं नसेल." तो घाईघाईनं बोलत होता. "दोन पेट्यांतून सारखाच आवाज निघाला की कानाला तो मधून आल्याचा भास होतो. शास्त्र आहे ते. मी स्वतः शिकवतो पोरांना."

"शास्त्र आहे," चाचा म्हणाले.

"म्हणजे तिथं कुणी नाही... नाही ना, चाचा?"

चाचांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग पेट्यांच्या मधल्या मोकळ्या फरशीकडे.

"स्वयंपाकघरातून इथवर सरळ आठ पावलं आहेत, विनयराव. चहा घेऊन तुम्ही खाटेमागून वळसा घालून का आलात?"