खैरसड्याच्या बुधाजी मेस्त्रीचं विमान

तुमच्या पणज्या परकरात हुंदडत होत्या, त्याही आधीची ही गोष्ट. खाडीच्या अलीकडे खैरसडा, पलीकडे दुसरं गाव. होळीच्या मानावरून दोघांचं भांडण झालं आणि एकमेकांच्या काठाला होडी लावायची नाही असं ठरलं. भांडण गावांचं, अडकली शेवंती. ती खैरसड्याच्या बुधाजी मेस्त्रीची एकुलती एक लेक, पलीकडे दिलेली. सात वर्षं ती माहेरी आली नाही. बुधाजीने बाजारातल्या माणसाकरवी व्याह्याला विनवलं, तेव्हा उलट निरोप आला, "मेस्त्रीनू, पाण्यातनं नाय, वाटेनं नाय. आभाळातनं या आणि लेक न्या."

व्याह्याने थट्टा केली होती. बुधाजीने ती मनावर घेतली.

सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरच्या बंगल्यात तेव्हा एक साहेब राहायचा. स्वतःच्या हाताने जोडायचं म्हणून त्याने विलायतेहून सुट्या भागांचं विमान मागवलं होतं. पेट्या आल्या आणि साहेबाला हिवताप आला. मायदेशी परतताना तो पेट्या बुधाजीच्या अंगणात टाकून गेला.

बुधाजीला अक्षर येत नव्हतं, पण कागदावरची रेघ त्याला कळायची. तीन वर्षं तो जोडत राहिला. पेटीत पंखाची एक फासळी कमी निघाली, ती त्याने शिवणीच्या झाडाच्या लाकडाची केली. पंखांचं कापड गावातल्या बायकांनी शिवलं आणि पेज लावून कडक केलं. मग कोंबड्या पेजेसाठी कापडाला टोचायला लागल्या, म्हणून बुधाजीची बायको जानकी दिवसभर काठी घेऊन बसायची. इंजिन मात्र तयारच आलं होतं, ते त्याने उघडलं नाही. दुसऱ्याच्या पोटात हात घालू नये, म्हणायचा. बसायला जागा दोनच. मागची त्याने शेवंतीच्या जेवायच्या पाटाच्या मापाने घडवली. उडायला तो घारींकडून शिकला, असं म्हणतात. वर्षभर सड्यावर उताणा पडून त्यांच्याकडे बघायचा.

निघायचा दिवस उजाडला. आता लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कोण जातं? प्रत्येक घरातून काहीतरी आलं. नारळ आले, आमसुलं आली, सांडगे, पोहे, लोणच्याची बरणी, दोन कापे फणस. नको म्हणायची बुधाजीला लाज वाटली. मागची जागा शिगोशीग भरली. शेवटी जानकीने लेकीच्या ओटीचा खण आणि तांदूळ त्याच्या मांडीवर ठेवले.

विमान कातळावरून धावलं ते धावतच राहिलं, उठेना. पुढे कडा आणि खाली खाडी. तेव्हा बुधाजीने मागे हात घातला आणि एकेक जिन्नस बाहेर फेकायला लागला. फणस गेले, बरणी गेली, नारळ गेले. कड्याच्या उतारावर माडांची सरळ रांग आहे, ती त्याच नारळांची, असं म्हणतात. चाकं कड्यावरून सुटली तरी विमान खालीच चाललं होतं. मांडीवर ओटी तेवढी उरली होती. बुधाजी रडला, आणि त्याने तीही खाडीत सोडली. मूठभर तांदळाचं ते काय वजन! पण तेवढ्याने विमान वर उठलं, असं म्हणतात.

ते पलीकडे व्याह्याच्या मळ्यात उतरलं. सारं गाव जमलं. व्याह्याचा नाइलाज झाला, पण खोड जाईना. तो म्हणाला, "लेकीच्या घरी रिकाम्या हातानं आलात?"

"व्हय," बुधाजी म्हणाला. "तिला बसाय जागा आणलीय."

शेवंती भाकऱ्या थापत होती. ती पिठाच्या हातांनीच येऊन मागे बसली. पाटाचं माप लहानपणीचं, त्यामुळे तिला दाटीवाटीने बसावं लागलं. सड्यावर उभ्या असलेल्या जानकीला परत येणारं विमान आधी घारच वाटलं, मग लेकीचा पदर दिसला.

विमानाचं पुढे काय झालं ते कुणी धड सांगत नाही. होळीचं भांडण मिटलं, खाडीवर पूलही झाला. पण आजही खैरसड्यातून कुणी लेकीला आणायला निघालं, की बायका दारात येतात त्या रिकाम्या हाताने. निघणाऱ्याच्या पिशवीतलं काहीतरी काढून घेतात, आणि गाडीतली मागची जागा पदराने पुसून देतात. त्या जागेला मेस्त्रीची जागा म्हणतात. लेक येऊन बसेपर्यंत तिथे कुणी साधी छत्रीसुद्धा ठेवत नाही.